गंगापूरचे दगड कळायला भोपाळ गाठावं लागलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन्ही मुलांना घेऊन भोपाळचं मानव संग्रहालय आणि भीमबेटक्याच्या खडकांवरची आदिमानवांची चित्रं पाहून आलो. निघताना सोसायटीत दोघी-तिघींनी विचारलं, "एवढ्याशा मुलांना दगड काय दाखवता?" त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते देता देता आपल्या नाशिकजवळच्या गंगापूरला सापडलेल्या अश्मयुगीन दगडी हत्यारांबद्दलही लिहायचं आहे.

श्यामला टेकडीवरचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय सुमारे २०० एकरांवर पसरलेलं आहे. सहा वर्षांच्या पायांना ते एका दिवसात झेपणारं नाही. आम्ही निम्मंच पाहिलं आणि त्याचं दुःखही नाही. माणूस घडत कसा गेला हे सांगणाऱ्या दालनात धाकटा आधी माझ्या मागे लपला. मग हळूच पुढे होऊन कवटीच्या भुवईचं हाड आणि स्वतःचं कपाळ ताडून बघू लागला. सकाळी पंजाब मेलमधून नर्मदा ओलांडली होती. तिच्याच काठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये भूशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग सापडला, हे सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "मग आपण उतरलो का नाही?"

दुसऱ्या दिवशी भीमबेटका. भोपाळहून साधारण ४५ किलोमीटर. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना हे खडक आगगाडीतून जाताना दिसले आणि १९५७ मध्ये त्यांनी ही चित्रं उजेडात आणली, ही गोष्ट गाडीच्या खिडकीसाठी भांडणाऱ्या मुलांना लगेच पटली. २००३ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे. मुलांना त्याचं काही नाही. त्यांचा जीव अडकला एका तांबड्या, अंगावर धावून येणाऱ्या प्रचंड जनावरात. अंग रानडुकराचं, डोक्यावर मात्र शिंगं, आणि पुढे जीव घेऊन पळणारा इवलासा माणूस. "डुकराला शिंगं कशी?" असं धाकट्याने विचारल्यावर नऊ वर्षांची ताई म्हणाली, "पळता पळता त्याला नीट दिसलं नसेल." माझ्याकडे याहून बरं उत्तर नव्हतं.

एका खडकावर तर चित्रांवर चित्रं. खालची जनावरं जुनी, वरचे घोडेस्वार कितीतरी नंतरचे. कोणती रेघ कोणाच्या वरून गेली हे शोधायचा खेळ अर्धा तास चालला. कठड्यापलीकडे हात जायला लागला की रखवालदार हटकायचा, आणि ते योग्यच. तांबडा रंग गेरूचा, आपण तुळशीवृंदावनाला लावतो तोच. आपल्याच नाशिक जिल्ह्यात, पेठ-सुरगाण्याकडे, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात, हे मुलीला ठाऊक होतं. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

काळ समजावणं मात्र अवघड गेलं. लाख म्हणजे किती, हे मोठ्यांना तरी कुठे कळतं? शेवटी एका वर्षाला एक मिलिमीटर धरला. पांडवलेणी दोन हजार वर्षांची, म्हणजे दोन मीटर, आमच्या दाराबाहेरचा जिना. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला सापडलेल्या दगडी हातकुऱ्हाडी १५ लाख वर्षांच्या, म्हणजे दीड किलोमीटर. परत आल्यावर ते अंतर आम्ही गंगापूर रोडवर चालून पाहिलं. धाकट्याला परतीला रिक्षा करावी लागली.

आणि त्याच रस्त्याबद्दल हे पत्र आहे. याच रस्त्याने पुढे गेलं की गंगापूर. तिथे गंगावाडीजवळ गोदावरीच्या गोट्या-वाळूच्या थरांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली; त्यावरचं त्यांचं पुस्तक १९५२ मध्ये निघालं. १९५०-५१ मध्ये त्यांनी आणि शां. भा. देवांनी जुन्या नाशिकमधल्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं. म्हणजे हा विषय नाशिकला नवा नाही, आपल्यालाच तो नवा वाटतो. मी या रस्त्यावर पंधरा वर्षं राहते. हॉटेलांच्या आणि फार्महाउसच्या पाट्या पाठ आहेत; या हत्यारांबद्दलची एकही पाटी माझ्या पाहण्यात नाही. मुलांच्या शाळेची सहल दरवर्षी पाण्याच्या घसरगुंड्यांकडे जाते. यंदा मी गंगापूरला नेण्याबद्दल विचारलं तर "तिथे बघायला काय आहे?" असं उत्तर मिळालं. त्यांचंही खोटं नाही, कारण दाखवायला कोणी काही मांडलेलंच नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नदीकाठी एवढी कामं काढली आहेत. त्यात गंगापूरला एक फलक, आणि मुलांना हातात घेता येतील अशा हत्यारांच्या प्रतिकृती ठेवलेलं एक टेबल बसणार नाही का? टेबल बुटकं असावं, एवढी विनंती. मागे एका संग्रहालयात धाकट्याला प्रत्येक पेटीपुढे उचलून धरावं लागलं होतं, आणि आता तो बावीस किलोंचा झाला आहे.

आपली,
एक पालक, गंगापूर रोड, नाशिक