पूल बंद, पण रुग्णांनी जायचे कसे?

परळ आणि प्रभादेवीला जोडणारा शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला. पूल जुना होता, नवा बांधायलाच हवा. त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून आम्हा पश्चिमेकडच्यांना केईएम किंवा टाटा रुग्णालय गाठायचे म्हणजे दादरच्या टिळक पुलाचा, नाहीतर करी रोडचा वळसा. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. टॅक्सीवाले परळ ऐकताच मान हलवतात, आणि स्टेशनच्या पादचारी पुलाचे जिने त्यांना झेपत नाहीत. करी रोडच्या पुलावर अडकलेल्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की जीव कासावीस होतो. त्याच पुलाच्या तोंडाशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या उभ्या असतात! त्या आधी हटवाव्यात. सकाळी ओपीडीच्या वेळेत प्रभादेवी ते परळ छोट्या बसच्या फेऱ्या सुरू कराव्यात. नव्या पुलाच्या कामामुळे ज्यांची घरे जाणार, त्यांना तिथेच आसपास घर मिळावे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्यांना उपनगरात धाडू नये. काम कुठवर आले, याचा फलकही दोन्ही टोकांना लावावा.

– एक रहिवासी, प्रभादेवी