मी पेपर दिला आहे, मंत्रीमहोदय : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या सत्राची परीक्षा दिली. शेवटचा पेपर 14 मे रोजी झाला आणि निकाल लागला 9 ऑगस्टला, म्हणजे 87 दिवसांनी. त्या निकालात सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पेपरपुढे मी गैरहजर आहे.

साहेब, मी तो पेपर दिला आहे. माझ्या हॉल तिकिटावर त्या तारखेसमोर पर्यवेक्षक मॅडमची निळ्या शाईतली सही आहे. हजेरीपटावर माझी सही आहे, सहीशेजारी उत्तरपत्रिकेचा नंबर आहे. तो हजेरीपट कॉलेजातल्या क्लार्ककाकांनी मला कपाटातून काढून दाखवला. एवढं सगळं असून मी गैरहजर! कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझी गुणपत्रिका अजून त्यांच्याच हातात आहे.

परीक्षा विभागात मी आतापर्यंत सहा वेळा जाऊन आले. पहिल्यांदा सांगितलं, कॉलेजचं पत्र आणा. प्राचार्य रजेवर होते, पत्र मिळायला आठवडा गेला. पत्र नेलं तर म्हणाले, हॉल तिकिटाची झेरॉक्स साक्षांकित करून आणा. मग म्हणाले, बारकोडचा घोळ झालाय, एजन्सीकडे पाठवलंय. उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर लागतं, ती स्कॅन होते आणि गुण बारकोडवरून मुलांच्या परीक्षा नंबराला जोडले जातात, हे मला आता पाठ झालंय. स्टिकर चुकलं किंवा गठ्ठा स्कॅन व्हायचा राहिला की पोरगी थेट गैरहजर. पण निकाल लावण्याआधी गैरहजरांची यादी हजेरीपटाशी ताडून बघायला किती वेळ लागतो? आमच्या वर्गातल्या 58 जणांपैकी सात जण असे 'गैरहजर' आहेत. कॉलेजच्या ग्रुपवर मोजलं तर चाळीसच्या वर नावं निघाली, पन्नासही असतील. आपल्या खात्याने खरा आकडा काढावा.

माझी अम्मा विड्या वळते. पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, हे मी पहिलीत असल्यापासून बघतेय. कारखान्याच्या ब्रँचमध्ये माल द्यायला गेली की चेकर तिच्यासमोर एकेक बंडल हातात घेतो. खराब विड्या बाजूला काढतो, तिला दाखवतो, आणि हिशोब तिथल्या तिथे वहीत चढतो. त्यात तिच्यावर अन्याय होत नाही असं नाही, भांडणंही होतात. पण आजवर कुणी तिला असं म्हणालेलं नाही की बाई, तू आज आलीच नव्हतीस. आणि विद्यापीठाच्या निकालात तिची मुलगी परीक्षेला आलीच नव्हती! जाण्यायेण्याचं भाडं, झेरॉक्स आणि अर्जाची फी मिळून माझे जे पैसे गेले, ते अम्माच्या चार दिवसांच्या विड्यांचे आहेत. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. दोनदा पाण्याच्याच दिवशी मी खिडकीपुढे रांगेत उभी होते, घरी दोन्ही खेपेला अम्माने कामावरून उठून एकटीने पाणी भरलं.

पुण्यात एम.एस्सी.साठी गुणवत्ता यादीत माझं नाव लागलं होतं. शेवटच्या सत्राचा निकाल लागलेला नसल्याने तात्पुरता प्रवेश दिला आणि गुणपत्रिका आणून द्यायची मुदत ठरवली. मुदतीच्या दिवशी मी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेले. टेबलावरच्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी हॉल तिकीट दोनदा बघितलं. म्हणाल्या, "बाळा, यात गैरहजर लिहिलंय गं, मी काय करू?" जागा पुढच्या मुलाला गेली. संध्याकाळी घरी परतले तेव्हा अम्माने काही विचारलं नाही, ताट वाढलं.

आता कायद्याचं बोलू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 तुमच्याच विधिमंडळाने केलाय. त्याचं कलम 89 सांगतं की निकाल 30 दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी 45 दिवसांत लावायचाच. नाही जमलं तर उशीर का झाला याचा सविस्तर अहवाल कुलगुरूंमार्फत कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना, आणि राज्य सरकारला द्यायचा. माझे 45 दिवस 28 जूनला संपले. तो अहवाल तुमच्याकडे आला का? आला असेल तर त्यात काय लिहिलंय? आला नसेल तर तुम्ही मागितला का? सरकार म्हणजे तुम्हीच ना?

2017 मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन तपासणी, म्हणजे स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासणं, पुरेशी तयारी न करता आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि शेवटी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून काढलं. तेव्हा मी शाळेत होते. म्हणजे मी शाळेतून पदवीपर्यंत आले आणि तुमचं खातं होतं तिथेच राहिलं!

पेपर वेळेत तपासणार तरी कोण? आम्हाला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवणारे सर तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नोकरी नाही, घेतलेल्या तासांपुरतं मानधन, असे होते. दोन वर्षांत इतकं मन लावून शिकवणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो, ते रंगीत खडूने बाण काढून दाखवायचे आणि मागच्या बाकावरच्या मुलीला समजलं की नाही हे विचारल्याशिवाय फळा पुसायचे नाहीत. त्यांची नेमणूक जुलैऐवजी सप्टेंबरात झाली, मानधन पुढच्या वर्षी हातात पडलं. संध्याकाळी ते खासगी क्लासमध्ये शिकवत. प्राध्यापक व्हायची नेट-सेट परीक्षा पास झालेला माणूस! कायमच्या जागा भरायच्या नाहीत, प्रयोगशाळेत वीस मुलांमागे एक तराजू ठेवायचा, आणि विद्यार्थी वर्गात बसत नाहीत म्हणून सभागृहात चिंता करायची. कोठारी शिक्षण आयोगापासून 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापर्यंत सगळे शिक्षणावर देशाच्या सकल उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा असं सांगत आले. ते पैसे आमच्या तराजूपर्यंत का पोहोचत नाहीत?

माझा भाऊ त्याच नव्या धोरणात अडकलाय. संलग्न कॉलेजांत ते 2024-25 पासून आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट. त्याला मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, कोणतं घेऊ हे सांगणारं कॉलेजात कुणी नव्हतं, म्हणून ज्या विषयाला शिक्षक होता तो विषय त्याने घेतला. निवड म्हणतात ती हीच का?

माझं मागणं मोठं नाही. माझी उत्तरपत्रिका शोधा, गुण लावा. ज्यांच्या हजेरीपटावर सह्या आहेत त्या सगळ्यांचा 'गैरहजर' शेरा हजेरीपट बघून आठ दिवसांत काढा, मुलांना खिडक्यांवर हिंडवू नका. दुरुस्तीची फी घेतली असेल तर परत करा, चूक आमची नव्हती. आणि कलम 89 खाली आलेला प्रत्येक अहवाल जाहीर करा. मी तो माहिती अधिकारात मागणारच आहे, पण तो तुम्ही स्वतःहून द्यायला हवा.

पुण्याची जागा आता कुणी परत देऊ शकत नाही, तेवढं मला कळतं. येत्या सोमवारी मी सातव्यांदा परीक्षा विभागात जाणार आहे. हॉल तिकीट घडी घालून घालून मधोमध फाटायला आलंय, म्हणून काल त्याला लॅमिनेशन करून घेतलं.

आपली,
बी.एस्सी. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी
सोलापूर