चार ओळींत न मावलेला गवंडी

महोदय,

आपल्या निधनवार्तांच्या रकान्यात नुकत्याच चार ओळी आल्या होत्या. जुने गवंडी, वय ९१, 'कष्टाळू व मनमिळाऊ म्हणून परिचित, सामाजिक कार्यात नेहमी पुढे', पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार. माहितीत चूक काहीच नाही. पण हेच शब्द त्याच रकान्यात निवृत्त अधिकाऱ्यालाही लागतात आणि माजी पदाधिकाऱ्यालाही. त्यांचे निदान पद तरी छापून येते. गवंड्याने जन्मभर नेमके काय केले, ते कोणी विचारत नाही. बांधकामांवर पर्यवेक्षक म्हणून मी या माणसाचे काम वर्षानुवर्षे जवळून पाहिले, म्हणून हे पत्र. त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही. घरच्यांना विचारलेले नाही आणि त्यांना स्वतःलाही ते रुचले नसते.

कष्ट म्हटले की लोकांना डोक्यावरची पाटी दिसते. पोरवयात बिगारी असताना ती त्यांनी वाहिलीच. पण थापी हातात आल्यावर त्यांचे बरेचसे कष्ट कोणाला न दिसणाऱ्या जागी गेले. वीट लावण्याआधी ती पाण्यात मुरवावी लागते. कोरडी वीट मसाल्यातले, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातले, पाणी ओढून घेते, सिमेंटला धरायला पाणीच उरत नाही आणि सांधा भुसभुशीत राहतो. तरीही भिंत उभी राहते, गिलावा होतो, रंग लागतो, ठेकेदाराचे बिल निघते. मग कधीतरी घरमालक खिळा ठोकायला जातो आणि भोकातून नुसती वाळू गळते. आमचे मिस्त्री टाकीवर वाकून बघत. विटेतून बुडबुडे येत असतील तोवर तिला हात लावू देत नसत. मागे कोणी कितीही घाई करो.

पाणी घातलेल्या मसाल्याचेही तसेच. तो अर्ध्या तासात संपला पाहिजे असा त्यांचा दंडक. दुपारी घट्ट झालेला मसाला पुन्हा पाणी मारून सैल करायचा आणि खपवायचा, हे बांधकामावर सर्रास चालते. ते असा मसाला फेकून देत आणि मालकाची बोलणी खात. एका दिवसात मीटर-दीड मीटरच्या वर भिंत चढवायची नाही, कारण खालचे थर अजून ओले असतात. सांधमोड सोडायची नाही. उभे सांधे एकावर एक आले की तडा जायला वाट तयारच. आणि बांधून झाल्यावर निदान सात दिवस पाणी. या पाणी मारण्याचे वेगळे पैसे त्यांना कधी कोणी दिलेले मी पाहिले नाहीत. दुसऱ्या कामावर जाताना ते वाट वाकडी करून आदल्या कामावर डोकावत आणि भिंत सुकी दिसली की स्वतःच बादली उचलत.

आखणी बघण्यासारखी असे. खुंटीपासून एका दोरीवर तीन हात, दुसरीवर चार हात मोजायचे आणि त्या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर पाच भरले की कोपरा काटकोनात. पायथागोरसचे नाव त्यांनी ऐकले होते की नाही, कोणास ठाऊक. एवढ्यावरही त्यांचे समाधान होत नसे. खोलीचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे येईपर्यंत पाया खणायला परवानगी नाही. (जाता जाता: पोर्टलंड सिमेंटचे १८२४ सालचे पेटंट ज्याच्या नावावर आहे, तो जोसेफ अ‍ॅस्पडिन इंग्लंडातल्या लीड्सचा गवंडीच होता. हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग त्याचे हातही असेच असतील.") ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते कातडी भाजते, आणि त्यातल्या क्रोमियममुळे अनेकांना कायमचा त्वचारोग जडतो. मिस्त्रींच्या बोटांच्या पेरांवरच्या भेगा काम सोडल्यानंतरही भरल्या नाहीत.

आता सामाजिक कार्य. ते कोणत्याही मंडळाचे अध्यक्ष नव्हते आणि भाषण करताना मी त्यांना पाहिले नाही. त्यांनी पोरे तयार केली. ओळंब्याला न बसणारी, म्हणजे सरळ उभी नसलेली, भिंत ते ज्याने बांधली त्याच्याकडूनच पाडून घेत, मात्र त्याची त्या दिवसाची मजुरी कापू देत नसत. दुसरी गोष्ट मला अधिक मोठी वाटते. हाताखालचा मुलगा स्वतंत्र काम घ्यायला निघाला की हत्यारांच्या उधारीसाठी ते त्याला जामीन राहत. पैसे बुडवणारेही भेटले, ते त्यांनी फेडले.

अमेरिकेचे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन १७९० मध्ये ८४व्या वर्षी गेले. विजेवरचे प्रयोग, फ्रान्समधले राजदूतपद, हे सगळे गाठीशी असूनही मृत्युपत्रात त्यांनी नावापुढे आधी 'मुद्रक' लिहिले आणि पदे नंतर. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्यांनी प्रत्येकी १,००० पौंड ठेवले, ते उमेदवारी पूर्ण केलेल्या, पंचविशीच्या आतल्या विवाहित कारागिरांना पाच टक्के व्याजाने कर्ज देण्यासाठी. अट अशी की दोन प्रतिष्ठित नागरिक जामीन हवेत. आपला छापखाना दोन मित्रांच्या उसनवारीवर उभा राहिला, हे कारणही त्यांनी तिथेच नोंदवले. आमच्या मिस्त्रींकडे ठेवायला पौंड नव्हते. ते स्वतःच जामीन राहिले. (संसाराच्या बाबतीत मात्र मी मिस्त्रींना वरचा क्रमांक देईन. फ्रँकलिन यांची पत्नी वारली तेव्हा ते कित्येक वर्षे लंडनमध्येच होते, आणि मुलाशी तर त्यांचे कायमचे बिनसले.)

घराविषयी मला फार माहिती नाही. एवढे ठाऊक आहे की कोणाची किती उचल दिली, कोणाची किती मजुरी राहिली, कोणाला जामीन राहिलो, हे सगळे त्यांच्या पत्नीच्या वहीत असे. शनिवारी पगार वाटताना ते "घरी विचारून सांगतो" म्हणत, आणि त्यावर कोणी हसत नसे. बातमीत या बाईंच्या वाट्याला 'पश्चात पत्नी' एवढेच आले. मुलांपैकी कोणी गवंडी झाला नाही. त्याची हळहळ इतरांनाच जास्त होती. मुलांची कातडी शाबूत राहिली, यावर ते खूश होते.

संपादक महाशय, मोठा लेख छापा असे माझे म्हणणे नाही. आपल्या वार्ताहराने अशा घरी एक फोन करावा आणि विचारावे की यांनी काय बांधले, कोणाला शिकवले, कोणते काम करायला नकार दिला. शेवटचा प्रश्न टाळू नये. जुन्या पायावर आणखी एक मजला चढवायला मिस्त्रींनी एकाला साफ नाही म्हटले होते; ते काम दुसऱ्याने घेतले आणि त्या पावसाळ्यात त्यांच्या हाताला काम नव्हते. जागेची अडचण असेल तर 'मनमिळाऊ' गाळा. तसेही ते मसाल्याच्या बाबतीत अजिबात मनमिळाऊ नव्हते.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक