हर्ल्या सांधणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

आयर्लंडमधल्या टिपरेरीतल्या आपल्या गावच्या क्लबात गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे दोन्ही आयरिश खेळ चालतात. गेलिक फुटबॉलचं एका चेंडूवर भागतं. हर्लिंगला मात्र प्रत्येक पोराच्या हाती हर्ली, म्हणजे अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, खाली रुंद पातं असलेली काठी लागते, आणि ती मोडतेच. ११०-१२० ग्रॅमचा स्लिटर, म्हणजे हर्लिंगचा चेंडू, तिचं फारसं बिघडवत नाही. काठीवर काठी आपटली की पातं चिरतं. ती चिरलेली पाती तुम्ही एक पैसा न घेता सांधून देता. त्याबद्दल मनापासून आभार.

नव्या पालकांच्या सर्वांत कामी आलं ते तुमचं माप. बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, शेजारी उभ्या धरलेल्या हर्लीच्या मुठीचं वरचं टोक मनगटाच्या हाडापाशी यायला हवं. कपड्यांसारखी वाढत्या अंगाची हर्ली घ्यायची नसते! लांब काठी मूल खालून धरतं, वरचा दांडा पोटाला अडतो, फटका उशिरा बसतो.

दुसरं, लाकडातले रेषे पाहणं. ते दांड्यातून उतरून पात्याच्या वळणाबरोबर वळलेले हवेत. म्हणून तर हर्ली अ‍ॅशच्या मुळालगतच्या बुंध्यातून काढतात. सरळ रेष्यांची हर्ली पात्याच्या टोकाशी तुटते, मग ती कितीही गुळगुळीत दिसो.

आणि दुरुस्ती. चिरेतला चिखल काढायचा, लाकूड पूर्ण वाळू द्यायचं, गोंद आतपर्यंत भरून रात्रभर शिकंज्यात आवळायचं. घरच्या दुरुस्त्या फसतात त्या वाळवण्यात घाई केल्याने. ओलसर लाकडाला गोंद धरत नाही. मग पॉलिशपेपर, आणि पात्याभोवती पातळ पत्र्याची पट्टी. बारीक खिळ्यांची डोकी पत्र्याच्या पातळीत बसवायची, कारण उचकलेली पट्टी आधी कुणाचं तरी बोट कापते. पट्ट्यांवर पट्ट्या चढवल्या की पातं जड होऊन मनगट फिरत नाही. दांड्यात आडवी चीर असेल तर तुम्ही सरळ नकार देता, तेच योग्य.

हर्ली रेडिएटरजवळ ठेवू नका हे तुम्हाला दर हिवाळ्यात सांगावं लागतं. अ‍ॅश कोरडा पडला की ठिसूळ होतो. जवसाच्या तेलाचा हलका हात मात्र आम्हाला क्रिकेटच्या बॅटीमुळे नवा नव्हता.

अ‍ॅशला मारणारी बुरशी २०१२मध्ये आयर्लंडात सापडली, तेव्हापासून चांगलं देशी लाकूड दुर्मीळ होत चाललंय. बांबूच्या आणि कृत्रिम हर्ल्या आल्या आहेत, त्या टिकतातही. तरी एका मोसमात दोनतीन हर्ल्या मोडणाऱ्या पोराच्या घरी तुमच्या शिकंज्याची किंमत विचारावी.

गोंद, खिळे आणि पत्रा यांचा खर्च यापुढे पालक वाटून घेणार आहेत. कृपया नाही म्हणू नका.

आपले,
क्लबातल्या मराठी मुलांचे आईबाबा