दस्तऐवज पोर्टलवरचे आलेख एकमेकांशी जोडा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक अभिलेख विभाग

विषय : पोर्टलच्या निविदेत जोडलेल्या आलेखांची अट घालण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मोठ्या दस्तऐवज-संग्रहांच्या पोर्टलवर बहुधा वर शोधपेटी असते आणि खाली चार रंगीत आलेख. शोधपेटी उपयोगी पडते ती नेमका शब्द माहीत असलेल्यालाच. दहा लाख कागदांत काय दडले आहे हेच ठाऊक नसलेल्याने टाइप काय करायचे? आणि ते आलेख निव्वळ शोभेचे.

जोडलेले आलेख वेगळे काम करतात. कालपट्टीवर 1962 ते 1965 एवढा भाग ओढून निवडला, की नकाशा, विभागांचे स्तंभ आणि कागदांची यादी त्याच क्षणी त्या चार वर्षांपुरती होते. मग नकाशावर एक जिल्हा निवडला, तर कालपट्टीवर त्या जिल्ह्याचा चढउतार दिसतो. कल्पना जुनीच आहे. संख्याशास्त्रज्ञ बेकर आणि क्लीव्हलँड यांनी ती बिंदू-आलेखांसाठी 1987 मध्ये मांडली होती.

बांधताना हमखास होणारी चूक अशी : कालपट्टीवरची निवड खुद्द कालपट्टीलाही लावली जाते. बाकीची वर्षे गायब होतात आणि तुलनाच संपते. प्रत्येक आलेखाला स्वतःची निवड सोडून इतर सर्वांच्या निवडी लागाव्यात. मूळ एकूण संख्या मागे फिकट राहावी.

दुसरी अडचण वेगाची. लिऊ आणि हीर या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अर्ध्या सेकंदाचा जादा विलंब घातल्यावर लोकांनी आलेख कमी हाताळले आणि निरीक्षणेही कमी नोंदवली. प्रत्येक निवडीला सगळा संग्रह नव्याने चाळला तर विलंब अटळ आहे. त्यापेक्षा प्रत्येक विभाग, जिल्हा आणि महिन्यासाठी एकेक बिट-पट्टी (प्रत्येक कागदासाठी एक बिट : कागद त्यात मोडत असेल तर 1, नाहीतर 0) आधीच करून ठेवावी. दहा लाख कागदांना एक पट्टी 125 किलोबाइटची होते, दाबून ठेवल्यास बहुधा त्याहून बरीच लहान. दोन निवडींचा छेद, म्हणजे दोन्हींत बसणारे कागद, मग क्षणात निघतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो तारखांत. तारीख कोरी असली की काही प्रणाली 1 जानेवारी 1900 किंवा 1970 भरून टाकतात आणि कालपट्टीवर खोटा मनोरा उभा राहतो. स्कॅन केल्याची तारीख कागदाची म्हणून नोंदली गेली तर सगळा इतिहास गेल्या काही वर्षांत घडल्यासारखा दिसतो. म्हणून 'पासून', 'पर्यंत' आणि 'खात्री' असे तीन रकाने ठेवा. तारीख नसलेल्या कागदांना कालपट्टीशेजारी स्वतंत्र स्तंभ द्या, नाहीतर पहिल्याच निवडीला ते मुकाट्याने गळतात. एकाच परिपत्रकाच्या चाळीस प्रतीही एका गटात बांधा; नाहीतर ते चाळीसपट महत्त्वाचे वाटेल.

मजकुराच्या साम्यावरून काढलेले ठिपक्यांचे ढग (एक ठिपका म्हणजे एक कागद) आकर्षक दिसतात, पण त्यांतल्या दूरच्या अंतरांना फारसा अर्थ नसतो. ते मुख्य पानावर नकोत, असे आमचे मत आहे.

काम स्वीकारण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. कोणत्याही तीन आलेखांत निवड करा, दिसणारा आकडा टिपा, यादी डाउनलोड करून घ्या आणि ओळी मोजा. शोध-इंजिनांतली काही गटवार मोजणी अंदाजे असते, म्हणून इथे फरक निघू शकतो. पानाचा तोच वेब-पत्ता दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर तीच निवड दिसत नसेल, तर बिल थांबवावे.

आपले नम्र,
दस्तऐवज-संग्रहांवर काम करणारे ग्रंथपाल व तंत्रज्ञ