फ्लॉवरवर जायफळ

आमस्टरडॅम

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं, कोकमाची बाटली फुटली नाही. मी वेळेवर जेवते; फोनवर बारीक दिसते तो कॅमेऱ्याचा दोष. रात्री एकटी फिरत नाही. सायकलवरून घरी येणं म्हणजे फिरणं नव्हे.

आई, एक मात्र सांगायलाच हवं. हे लोक फ्लॉवरवर जायफळ किसतात! श्रीखंडात नाही, पुरणात नाही, फ्लॉवरवर! तो मिठाच्या पाण्यात उकडायचा, वर मैदा-लोण्याचा पांढरा सॉस, ना फोडणी ना मिरची, आणि मग जायफळ. फरसबीचीही तीच गत. घरमालकीणबाईंना कारण विचारलं तर म्हणाल्या, आमची आई करायची. महागड्या वस्तूला अजूनही 'मिऱ्यासारखी महाग' म्हणतात, इतकं मसाल्याचं वेड अंगात मुरलंय.

बाबा, तुम्ही विचारलंत, आपल्या वेंगुर्ल्याचे डच वखारवाले शेवटी जिंकले की इंग्रज? रविवारी राइक्सम्युझियममध्ये 'रॉयल चार्ल्स' या इंग्रजी जहाजाची कोरीव पिछाडी पाहिली. जून १६६७ मध्ये डचांनी थेट इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरून ते जहाज ओढून आणलं. पुढच्याच महिन्यात ब्रेडाचा तह झाला: इंडोनेशियातल्या बांदा बेटांपैकी जायफळाचं रन बेट डचांकडे, मॅनहॅटन इंग्रजांकडे. रन जेमतेम तीन किलोमीटर लांब! पण तेव्हा सौदा डचांच्या फायद्याचाच वाटला असणार. पुढे नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांनी बांदा बेटं घेतली, जायफळाची रोपं पेनांगला नेऊन लावली आणि डचांची मक्तेदारी गेली. बांदा बेटांवरच्या लोकांना मात्र डचांचा गव्हर्नर कून याने १६२१ मध्येच जवळजवळ संपवलं होतं. त्याचा पुतळा इथल्या होर्न गावच्या चौकात अजून उभा आहे. तुम्ही शाळेत एवढं शिकवलंत, पण हे नव्हतं सांगितलंत.

आता दादाच्या लग्नाचं. हॉलचे ऐंशी हजार पुढच्या महिन्यात पाठवते, म्हणून मागच्या परड्याचा तुकडा कुणाला कबूल करू नका. जायफळाचं झाड तिथेच आहे. रजा पाचच दिवस मिळतेय, हळदीला पोचेन, देवकाला नाही. बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनला आले नाही. तुम्ही 'काही नाही गं' म्हणालात तरी मला ते काही नाही वाटत नाही. थेंब वेळेवर घालताय ना?

तुमची,
बाय

ता. क. आई, स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला दिसतो. बाकी आल्यावर.