बापाचा तपास दहा मिनिटांत कसा संपतो?

महोदय,

रविवारी दादरला मुलाच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या बापाचा एक थ्रिलर बघितला. नाव लिहीत नाही कारण मुद्दा त्या एका पिक्चरचा नाहीच, असे बरेच येतात, बापाला दहा मिनिटांत कळतं पोराला कोणी मारलं आणि मग दीड तास नुसती हाणामारी. लोक शिट्ट्या मारत होते आणि मला आमच्या चाळीतले काका आठवत होते.

त्यांचा मुलगा लोकलमधून पडून गेला. अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली, फाइल बंद. पण काका रोज सकाळी त्याच गाडीच्या वेळेला प्लॅटफॉर्मवर जाऊन माणसांना विचारायचे, त्या दिवशी तुम्ही होता का हो डब्यात, कसा पडला, काही बोलला का. पंचनाम्यात लिहिलेलं की पास मिळाला नाही. रेल्वे कायद्याच्या १२४अ कलमाखाली अशा मृत्यूला ८ लाख भरपाई आहे, चूक कोणाची ते सिद्ध करावं लागत नाही, पण गेलेला माणूस रीतसर प्रवासी होता हे मांडावं लागतं. नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय, पण काकांना पैशाचं पडलंच नव्हतं, माझा पोरगा फुकट्या होता असं कागदावर राहता कामा नये एवढंच ते म्हणायचे.

ट्रेनमध्ये राहिलेली त्याची बॅग रोज सोबत जाणाऱ्या ग्रुपमधल्या पोराने घरी आणून दिलेली, ती काकूंनी चाळीस दिवस कोणाला उघडू दिली नाही. शेवटी काकांनी उघडली तेव्हा मी तिथेच होतो. डब्यातल्या भाजीला बुरशी आलेली, आणि बाजूच्या कप्प्यात प्लास्टिकच्या कव्हरात पास. मुदत संपायला तेव्हा अकरा दिवस बाकी होते. काका काहीच बोलले नाहीत, उठून मोरीत गेले आणि डबा घासत बसले, किती तरी वेळ.

हा तपास नाही का? १९८४ च्या 'सारांश' पिक्चरमध्ये शिवाजी पार्कचे प्रधान मास्तर अमेरिकेत मारल्या गेलेल्या मुलाच्या अस्थी मागायला कस्टमच्या ऑफिसात जातात, तिथे एक गोळी सुटत नाही तरी अजून बघवत नाही तो सीन. आणि बापाचा राग म्हणाल तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर २०१५ मध्ये खड्ड्यापायी १६ वर्षांचा मुलगा गेला, तेव्हापासून त्याचे वडील दादाराव बिल्होरे स्वतःच्या हाताने मुंबईतले खड्डे बुजवतायत, तो पण रागच आहे की.

आपल्या पेपरातल्या परीक्षणात अ‍ॅक्शनचं कौतुक वाचलं. पुढच्या वेळी त्या बापाने पोराची बॅग तरी उघडली का, तेवढं बघून लिहा ही विनंती.

– एक वाचक, लालबाग, मुंबई